टॅरँटुलाला खायला काय द्यायचं आणि काय अजिबात द्यायचं नाही

टॅरँटुला, म्हणजे पाळतात तो मोठा केसाळ कोळी, नवीन घेतला की पहिल्या काही आठवड्यांत जवळपास प्रत्येकाला एकच टेन्शन असतं, हा खातच नाहीये, आता काय करू. मग रोज एक किडा टाकून बघायचा, डबा हलवून बघायचं, वेगळा किडा आणायचा, कोणीतरी सांगतं की गवतातला नाकतोडा दे, ताजा असतो, आवडीने खाईल. आणि इथेच सगळा घोळ होतो. धडधाकट टॅरँटुला, ज्याच्या भांड्यात पाणी आहे, तो भुकेने मरायची शक्यता खूपच कमी असते, काही जाती तर महिनोन्‌महिने उपाशी बसतात आणि मग एक दिवस काही झालंच नाही अशा थाटात परत खायला लागतात. त्याचे हाल होतात ते औषध मारलेला किडा पोटात गेल्यामुळे, कात टाकताना शेजारी जिवंत रातकिडा सोडल्यामुळे, नाहीतर इतकं खायला घातल्यामुळे की पोट टम्म फुगलं आणि मग तो वरून पडला. म्हणून इथे मेनू थोडा कमी आणि किडा आला कुठून, केवढा आहे, कधी द्यायचा हे जास्त आहे.

आधी हा प्राणी जेवतो कसा ते बघू, कारण पुढचे बहुतेक नियम त्यातूनच निघतात. टॅरँटुलाला किडा चावून तुकडे गिळता येत नाहीत, त्याच्या पोटात फक्त पातळ पदार्थ जाऊ शकतो. डोळे आठ असले तरी नजर यथातथाच, सगळा कारभार अंगावरच्या आणि पायांवरच्या केसांवर चालतो, जमिनीची थरथर तिथे कळते. किडा जवळ आला की आधी तो एकदम स्तब्ध होतो, पुढचा एखादा पाय जरासा उचलला जातो, आणि मग इतक्या झटक्यात झडप पडते की आपल्याला मधलं काही दिसतच नाही, दोन सुळे आत, विष आत, किडा गार. बऱ्याचदा किडा तोंडात धरूनच तो जागच्या जागी गोल फिरत खाली रेशीम अंथरतो, पाळणारे लोक याला हॅपी डान्स म्हणतात, बघायला मजा येते. त्यानंतर खरं जेवण. तोंडावाटे पाचक रस किड्यावर सोडायचे, सुळ्यांच्या बुडाशी जो जाड भाग असतो त्याने किडा मळत राहायचा, जे विरघळेल ते तोंडाजवळच्या केसांमधून गाळून आत ओढायचं, आणि हे ओढायला आत पंपाचं काम करणारं जठर असतं. मोठा रातकिडा असेल तर हा कार्यक्रम तासन्‌तास चालतो. शेवटी आपण फळाचा रस काढून चोथा फेकतो तसं पंख, पाय, कवचाचे तुकडे असा एक चिकट गोळा तो टाकून देतो, त्याला बोलस म्हणतात.

आता यातून काय कळलं, तर किड्याच्या शरीरात जे काही विरघळणारं आहे ते सगळं टॅरँटुलाच्या पोटात जातं. किड्याने काय खाल्लंय, त्याच्या अंगावर काय लागलंय, त्याच्या आतड्यात काय आहे, सगळं. फक्त टणक भाग बाहेर राहतो. त्यामुळे कुठला किडा हा प्रश्न नंतरचा, आधी हा किडा कुठे वाढला ते विचारायचं.

घरातलं झुरळ, बागेतला नाकतोडा, दिव्याखाली आलेला पतंग, हे सगळं फुकट असतं आणि टॅरँटुला ते खातोही आवडीने, म्हणून मोह होतो. पण झुरळांसाठी जी जेलची औषधं मिळतात ती मुद्दाम हळू काम करणारी बनवलेली असतात, म्हणजे झुरळाने ते खाऊन लगेच मरू नये, परत आपल्या जागेवर जावं, तिथे त्याची विष्ठा आणि मेलेलं शरीर बाकीच्या झुरळांनी खावं आणि तीही मरावीत. अशी सगळी सिस्टिमच आहे. म्हणजे तुमच्यासमोर ठणठणीत पळणारं झुरळ आतून औषधाने भरलेलं असू शकतं, दिसून काहीही कळत नाही. फवारणीच्या औषधांचं तेच, पायरेथ्रॉइड प्रकारची औषधं किड्यांच्या मज्जासंस्थेवर काम करतात आणि टॅरँटुला काही त्यांच्यापासून फार लांबचा नाही, तोही संधिपादच, त्याच्याही नसांवर तोच परिणाम होतो. शेजारच्याने बागेत काय फवारलंय हे तुम्हाला कसं कळणार. किडा पकडून चार दिवस डब्यात ठेवून मग दिला तर चालेल का, असं लोक विचारतात. माझं उत्तर नाही असंच आहे, जगला म्हणजे स्वच्छ आहे असं होत नाही.

विषबाधा झालेला टॅरँटुला साधारण कसा दिसतो तर चालताना लडखडतो, पाय उगाच झटके देतात, थरथरतात, शिकार पकडताना नेम चुकतो. या सगळ्या लक्षणांना मिळून पाळणारे लोक डीकेएस (डिसकायनेटिक सिंड्रोम) म्हणतात, पण ते एका रोगाचं नाव नाहीये, नुसतं लक्षणांचं वर्णन आहे, कारणं वेगवेगळी असू शकतात. आणि एकदा हे सुरू झालं की हमखास लागू पडेल असा उपाय हातात नसतो, म्हणून सगळा जोर आधीच्या काळजीवर.

दुसरी भानगड परजीवींची. 2022 साली युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, रिव्हरसाइडमधल्या संशोधकांनी पाळीव टॅरँटुलांच्या तोंडात सापडलेल्या एका सूत्रकृमीचं वर्णन प्रसिद्ध केलं, त्याचं नाव टारँटोबेलस जेफडॅनिएल्सी, एका हॉलिवूड नटाच्या नावावरून ठेवलंय, म्हणजे शास्त्रज्ञांनाही गंमत सुचते. रोग मात्र अजिबात गमतीचा नाही, तोंडाशी पांढरट चिकट द्रव दिसतो, खाणं बंद होतं, आणि प्राणी हळूहळू खंगत जातो. असं काही दिसलं तर तो डबा लगेच बाकीच्यांपासून लांब ठेवायचा आणि त्याचा चिमटा, पाण्याचं भांडं, काही म्हणजे काही दुसऱ्या डब्यात वापरायचं नाही. बाहेरून पकडून आणलेल्या किड्यांसोबत असले कृमी, माइट म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे बारीक जीव, माश्यांच्या अळ्या काहीही घरात येऊ शकतं, हे जंगली किडे टाळायचं दुसरं मोठं कारण.

तर मग द्यायचे ते फक्त खाद्य म्हणून वाढवलेले किडे, ज्यांना फीडर म्हणतात. यातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा रातकिडा, म्हणजे क्रिकेट. सतत वळवळत असतो म्हणून टॅरँटुलाचं लक्ष पटकन जातं, कवच फार जाड नसतं, अगदी टाचणीच्या टोकाएवढ्या पिल्लापासून मोठ्यापर्यंत सगळ्या साइज मिळतात. तोटे पण भरपूर आहेत, वास येतो, नर रात्रभर किरकिर करतात, पटापट मरतात, आणि चावतात. शिवाय पाळीव रातकिड्यांच्या जातीत एक डेन्सोव्हायरस आहे ज्याने 2010 च्या आसपास अमेरिकेतली मोठमोठी क्रिकेट फार्म बसवली, त्यानंतर तिथल्या बऱ्याच जणांनी दुसऱ्या जातीचे, पट्टेवाले रातकिडे वाढवायला घेतले. हा व्हायरस रातकिड्यांचा आहे, टॅरँटुलाचा नाही, पण आणलेल्या डब्यातले निम्मे रातकिडे दोन दिवसांत उलटे पडून पाय झाडायला लागले तर ती बॅच खायला घालू नका, मग कारण व्हायरस असो की अजून काही. मी तर म्हणेन नवीन आणलेले फीडर चार-पाच दिवस नुसते सांभाळून बघायचे, मगच टॅरँटुलाला द्यायचे.

डुबिया झुरळं मला स्वतःला रातकिड्यांपेक्षा बरी वाटतात. ही मूळची दक्षिण अमेरिकेतली, गुळगुळीत काचेवर किंवा प्लास्टिकवर चढता येत नाही, आवाज नाही, वास जवळपास नाही, मांस जास्त, आणि घरच्या घरी वाढवता येतात. झुरळ म्हटलं की घरचे नाक मुरडतात तो भाग वेगळा, आणि काहींना झुरळांची ॲलर्जी असते, शिंका, खाज वगैरे, तसं असेल तर नाद सोडा. डुबियाचा एक त्रास म्हणजे डब्यात सोडली की एक तर मेल्याचं सोंग करून पडून राहतात नाहीतर मातीत घुसून गायब होतात, टॅरँटुला वाट बघत बसतो आणि तुम्हाला वाटतं खाल्लं. म्हणून देताना चिमट्याने डोकं दाबून द्यायची, पाय हलत राहतात, टॅरँटुलाला थरथर कळते, आणि ती मातीत शिरत नाही.

मीलवर्म आणि सुपरवर्म, म्हणजे भुंग्यांच्या अळ्या, यांच्या बाबतीत डोकं दाबणं हे तर पाळायलाच हवं. मीलवर्म मातीत शिरला की खाली जाऊन कोष करतो आणि काही आठवड्यांनी वर काळा भुंगा फिरताना दिसतो. सुपरवर्मचे जबडे चांगले मजबूत असतात, तो मातीखाली मोकळा असताना वर टॅरँटुला कात टाकायला उताणा पडला तर काय होईल विचार करा. साठवायला मीलवर्म सोपे, फ्रिजमध्ये ठेवले की वाढ मंदावते आणि बरेच दिवस टिकतात, सुपरवर्म मात्र फ्रिजमध्ये ठेवायचे नाहीत, थंडीने मरतात, ही चूक खूप लोक करतात. वॅक्सवर्म, म्हणजे एका पतंगाच्या अळ्या, चरबीने भरलेले असतात, कधीतरी एखादा ठीक, रोजचं खाणं म्हणून नाही. हॉर्नवर्म, म्हणजे अजून एका पतंगाच्या मोठ्या अळ्या, पाणीदार असतात, हडकुळ्या टॅरँटुलाला कामाचे, पण फक्त तयार खाद्यावर वाढवलेले, ते निळसर दिसतात. टोमॅटो-तंबाखूच्या झाडावरून उचललेली हिरवीगार हॉर्नवर्म अळी त्या झाडातली विषारी द्रव्यं अंगात घेऊन फिरत असते, ती अजिबात नाही.

अजून काय काय नाही, ते एका दमात सांगतो. काजवे नाहीत, त्यांच्या अंगात असलेल्या विषाने पाळीव सरडे मेल्याची उदाहरणं आहेत. भडक रंगाच्या अळ्या आणि ढेकणासारखे वास सोडणारे किडे नाहीत, तो रंग आणि वास म्हणजे मला खाऊ नका अशी पाटीच. मुंग्या, मधमाश्या, गांधीलमाश्या नाहीत. गोम नाही, दुसरा कोळी नाही, प्रार्थना कीटक नाही, कारण हे स्वतःच शिकारी आहेत आणि कोण कोणाला खाईल याची गॅरंटी नाही. कच्च्या मांसाचा तुकडा नाही, सडतो. भाजी-फळं तर टॅरँटुला खातच नाही, ती किड्यांसाठी.

उंदराची पिल्लं, पाली, बेडूक याबद्दल थोडं जास्त बोलायला पाहिजे, कारण व्हिडिओ बघून लोकांना ते करावंसं वाटतं. पक्षी खाणारा कोळी ही कल्पना जुनी आहे, मारिया सिबिला मेरियन नावाच्या चित्रकार-अभ्यासक बाईंनी सुरिनाममध्ये राहून केलेली चित्रं 1705 मध्ये छापली, त्यात एक मोठा कोळी हमिंगबर्डला खाताना दाखवलाय, बऱ्याच लोकांनी तेव्हा ते खोटं ठरवलं, पण आज माहितीये की मोठे टॅरँटुला कधीकधी छोटे पक्षी, बेडूक, उंदीर खातात. पण जमतं म्हणजे गरज आहे असं नाही. गोलायथ बर्डईटरसारखा अवाढव्य टॅरँटुलासुद्धा किड्यांवर आरामात वाढतो. उंदराचं पिल्लू दिलं तर खाणं लांबतं, अर्धवट उरलेलं मांस आणि हाडं त्या दमट, उबदार डब्यात सडायला लागतात, वास येतो, माइट येतात, माश्या येतात. थोडा मोठा जिवंत उंदीर असेल तर तोच टॅरँटुलाला चावून फाडू शकतो. आणि त्या पिल्लाचे होणारे हाल हा मुद्दा आहेच, नुसत्या व्हिडिओसाठी हे करणाऱ्यांबद्दल मला काही चांगलं बोलता येणार नाही.

याच ओघात कॅल्शियम पावडर. सरडे पाळणारे लोक किड्यांना कॅल्शियम लावून देतात कारण सरड्याला हाडं असतात. टॅरँटुलाचं बाहेरचं कवच कायटिन आणि प्रथिनांचं असतं, त्याला ती पावडर लागत नाही, उगाच किड्यावर थापून देऊ नका. त्यापेक्षा किड्याला नीट खायला घाला. टॅरँटुलाला द्यायच्या आधी एक-दोन दिवस किड्यांना गाजर, हिरवा पाला, ओट्स असं खायला द्यायचं, याला गट लोडिंग म्हणतात, म्हणजे भरल्या पोटाचा किडा द्यायचा, आठवडाभर रिकाम्या डब्यात पुठ्ठा चघळत बसलेला नाही. पाला-गाजर चांगलं धुवून आणि जमलं तर साल काढून, कारण फवारणीचा मुद्दा इथेही लागू होतो, भाजीवरचं औषध किड्यात आणि किड्यातून पुढे. आणि दर वेळी वेगवेगळे किडे पाहिजेतच का, तर बदल चांगला पण त्यासाठी जीव काढू नका, एकाच प्रकारच्या नीट पोसलेल्या किड्यांवर टॅरँटुला वर्षानुवर्षं मस्त राहतात.

आता साइज. साधा अंदाज असा की किड्याचं धड टॅरँटुलाच्या मागच्या भागापेक्षा, म्हणजे पोटापेक्षा, मोठं नको, भित्रा किंवा नवखा असेल तर त्याच्या निम्मं. एकदम छोट्या पिल्लांना, ज्यांना स्लिंग म्हणतात, जिवंत किड्याच्या मागे लागायला लावायचंच कशाला. एक सेंटिमीटरचं स्लिंग असेल तर मेलेल्या रातकिड्याचा मागचा जाड पाय तोडायचा, तो मांसल असतो, आणि स्लिंगच्या बिळाच्या तोंडाशी रेशमाचे धागे दिसतात त्यावर तुटलेली ओली बाजू त्याच्याकडे करून ठेवायचा. आधी काही होत नाही. मग बिळातून दोन पाय बाहेर येतात, धाग्याला हात लावल्यासारखं करतात, आणि बऱ्याचदा तासाभराने बघितलं तर तंगडी आत ओढून नेलेली असते. दुसऱ्या दिवशी तशीच पडलेली दिसली तर काढून टाकायची, बुरशी यायला वेळ लागत नाही. न उडणाऱ्या फळमाश्यासुद्धा इवल्या स्लिंगना चालतात.

किती वेळा द्यायचं याला कॅलेंडर लावू नका, पोट बघा. वरून बघितलं तर पुढचं पाठीचं कवच आणि मागचं पोट असे दोन भाग दिसतात, पोट कवचाएवढं किंवा दीडपटीपर्यंत असेल तर छान चाललंय. त्याच्याहून बारीक, सुरकुतलेलं असेल तर जास्त वेळा द्या आणि पाणी तपासा, फारच गरगरीत असेल तर थांबा, दोन-तीन आठवडे काही नाही दिलं तरी चालतं. तरीपण आकडा हवाच असेल तर स्लिंगला आठवड्यातून दोनदा, मधल्या वयाच्या पिल्लाला आठवड्यातून एकदा, आणि पूर्ण वाढलेल्याला दहा-पंधरा दिवसांतून एकदा, आळशी मंद वाढणाऱ्या जातींना महिन्यातून एकदाही पुरतं. हा दबा धरून बसणारा प्राणी आहे, दिवसभर हलतच नाही, त्याला एनर्जी लागणार ती किती. थंड खोलीत असेल तर अजून कमी लागते.

जास्त खायला घातलं तर बिघडतं काय? पोटाची कातडी पातळ आणि ताणलेली असते, आत रक्तासारखा द्रव दाबाखाली असतो. जमिनीवर राहणारी जाड जात काचेवर चढली आणि तिथून पडली तर भरलेलं पोट फाटू शकतं, आणि ते फाटलं की वाचणं अवघड. लवकर मोठा व्हावा म्हणून ठासून खायला घालणारेही आहेत, वाढ होते खरी पटापट, पण नर असला तर तो लवकर वयात येतो आणि वयात आलेल्या नराचं आयुष्य मादीच्या मानाने फारच थोडं उरलेलं असतं, मग घाई करून मिळवलं काय.

आता सगळ्यात नाजूक काळ, कात टाकायचा, म्हणजे मोल्ट. त्याच्या आधी टॅरँटुला खाणं सोडतो, आणि हेच बघून नवीन माणूस घाबरून अजून किडे टाकतो. खुणा ओळखायच्या: पोट चमकायला लागतं आणि गडद दिसतं, अमेरिका खंडातल्या ज्या जाती पोटावरचे खाजरे केस उडवतात त्यांच्या टकलाचा गुलाबी-पिवळट भाग काळा पडतो कारण खाली नवीन केस तयार झालेले असतात, हालचाल सुस्त होते, काहीजण बिळाचं तोंड माती-रेशमाने बंद करतात. आशिया-आफ्रिकेतल्या जातींना हे खाजरे केसच नसतात, तिथे टकलाची खूण शोधत बसू नका, सुस्ती आणि फुगलेलं पोट बघा. अशा वेळी डब्यात एकही जिवंत किडा नको. कात टाकताना टॅरँटुला उताणा पडतो, अंग मऊ असतं, प्रतिकार शून्य, आणि भुकेला रातकिडा त्याला सरळ कुरतडायला सुरुवात करतो. उताणा पडलेला म्हणजे मेला नाही, हे घरच्यांनाही सांगून ठेवा, हात लावू नका, सरळ करू नका, फुंकर मारू नका.

कात टाकून झाली की लगेच खायला द्यायचं नाही, कारण सुळेसुद्धा नवीन असतात, आधी पांढरे, मग लालसर, मग काळे होतात, आणि काळे झाल्याशिवाय ते टणक नसतात. स्लिंगला तीन-चार दिवस, मध्यम पिल्लाला आठवडा, मोठ्याला दहा दिवस ते दोन आठवडे किंवा जास्त. दिवस मोजण्यापेक्षा सुळे दिसले तर बघा, काचेला चिकटून बसला की खालून छान दिसतात. पाणी मात्र लगेच हवं. पहिला किडा नेहमीपेक्षा छोटा आणि डोकं दाबलेला द्या.

मोल्टचं काही चिन्ह नाही, तरी महिना झाला खात नाही, तर काळजी करायची का? चिलियन रोझ या जातीची तर यासाठी ख्यातीच आहे, महिनेच्या महिने तोंड फिरवून बसते. वयात आलेला नरही खाण्यापेक्षा मादी शोधत डब्यात येरझारा घालत राहतो. नुकताच घर बदललेला टॅरँटुला तर आधी जागा ओळखतो, मग जेवतो. पोट भरलेलं दिसतंय, हालचाल नीट आहे, तर दहा-पंधरा दिवसांनी एकदा किडा दाखवायचा, नाही घेतला तर काढून घ्यायचा, एवढंच. काळजीची खूण वेगळी आहे, पोट सुकलेलं आणि पाय अंगाखाली मुडपलेले. कोळ्याचे पाय सरळ करायला काही सांध्यांमध्ये स्नायूच नसतात, आतल्या द्रवाच्या दाबाने ते ताठ होतात, अंगातलं पाणी कमी झालं की दाब कमी आणि पाय आत वळतात. तेव्हा किडा नाही, पाणी द्यायचं, उथळ भांड्याच्या कडेला अलगद असं ठेवायचं की तोंड पाण्याला लागेल पण पोटाचा खालचा भाग बाहेर राहील, कारण श्वास घ्यायची पुस्तकी फुप्फुसं, म्हणजे पुस्तकाच्या पानांसारखे थर असलेली, तिथे असतात. एरवीही भांड्यात साधं पाणी, स्पंज नको, कापूस नको, त्यात फक्त घाण वाढते, आणि उथळ भांड्यात टॅरँटुला बुडून मरतो ही भीती काढून टाका.

किडा द्यायचा कसा हे जातीप्रमाणे थोडं बदलतं. झाडावर राहणाऱ्यांना वर चढणारा रातकिडा बरा, मातीत शिरणारी अळी त्यांच्या कामाची नाही, ती द्यायचीच तर चिमट्याने जाळ्याच्या तोंडाशी धरा. बिळात राहणाऱ्यांच्या दाराशी टाकला की पुरे. चिमटा लांब आणि टोकाला मऊ किंवा बांबूचा घ्या, टोकदार स्टीलच्या चिमट्यावर झडप पडली तर सुळा तुटू शकतो आणि मग पुढच्या मोल्टपर्यंत त्याचं जेवणच अवघड. संध्याकाळी-रात्री दिलं तर जास्त घेतात. आणि किड्यांना हात लावायच्या आधी हात धुवा, विशेषतः डासांचं क्रीम लावलं असेल किंवा कुत्र्या-मांजराला गोचीड-पिसवांचं औषध टाकलं असेल तर, ती औषधं नेमकी अशाच प्राण्यांना मारायला किंवा पळवून लावायला बनवलेली आहेत. त्या खोलीत डासांची मशीन आणि स्प्रे पण नको.

किडा चोवीस तासांत खाल्ला नाही तर बाहेर. बोलस पण दिसला की उचला, दमट डब्यात त्यावर माइट आणि छोट्या माश्या लगेच येतात. दमट जाती पाळत असाल तर मातीत स्प्रिंगटेल, म्हणजे दमट मातीत राहणारे इवले जीव, सोडून ठेवले की बारीकसारीक उरलेलं ते साफ करतात, पण अख्खा मेलेला रातकिडा त्यांच्या भरवशावर ठेवू नका. बोलस कुठेच सापडत नसेल तर पाण्याच्या भांड्यात बघा, बरेच टॅरँटुला तो नेमका तिथेच नेऊन टाकतात, आणि मग भांडं घासून पाणी बदलायचं काम तुमचं.